वाढत्या अंगाचा युकुलेले

मित्रांनो, मी एक जुना युकुलेले आहे. चार तारांचा, मोठ्या मापाचा आणि माणसांच्या हातांना विटलेला.

युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड. आमच्यातही मापं असतात. सगळ्यात लहान असतो तो काखेत मावतो. सगळ्यात मोठा असतो त्याला बॅरिटोन म्हणतात, तो मी. जालना जिल्ह्यात आल्यापासून मला या नावानं एकाच बाईनं हाक मारली. बाकीचे 'तुणतुणं' म्हणून मोकळे झाले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. पातळ फळ्या वाफेवर वाकवल्या, सरस लावला, चिमट्यांत आवळून ठेवलं, मानेवर धातूच्या आडव्या सळ्या, म्हणजे पडदे, ठोकले आणि अंगावर चकचकीत थर दिला. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा स्वच्छ दिवस.

तिथून जालन्याच्या एका वाद्यांच्या दुकानात मला टांगलं. एका अंगाला ढोलक्या, दुसऱ्या अंगाला बाजाच्या पेट्या. लोक ढोलकी घ्यायला यायचे आणि जाता जाता मला चिवडायचे. कुणी वहीचं पान उलटावं तसं बोट थुंकीनं ओलं करून तार ओढायचा. एका गृहस्थानं तर तोंडातला गुटखा न थुंकताच माझ्या पोटाच्या भोकाला तोंड लावून "हॅलो, हॅलो" केलं. ते तांबडे शिंतोडे आतल्या फळीवर आजही आहेत.

मग मला शहागडच्या भुजंगरावांनी नेलं. त्यांचा हायवेवर धाबा. वाजवायला नेलं असं वाटून मी हुरळलो होतो. त्यांनी मला भट्टीच्या वरच्या खिळ्याला प्लास्टिकच्या फुलांशेजारी लटकवलं आणि म्हणाले, "आता भिंतीला लूक आला."

तिथं मी चार वर्षं लूक देत राहिलो. रोज फोडणीचा धूर अंगावर बसायचा आणि त्या चिकट्यावर माश्या बसायच्या. जेवून उठलेले ड्रायव्हर दात कोरून झाल्यावर काडी माझ्या पोटात टाकायचे. करायला दुसरं काम नसल्यामुळे मी हात मोजायला लागलो. चार वर्षांत मला हात लावला एकशे बारा जणांनी. त्यातले धुतलेले हात तीन, आणि त्या तिघांतल्या एकानं हात धुऊन माझ्याच अंगाला पुसले. भुजंगराव दर सोमवारी माझी सफाई करायचे, ती टेबलाच्या फडक्यानं. त्याच फडक्यानं आधी सांडलेली शेवभाजी टिपलेली असायची, मग माशी मारलेली असायची, मग माझा नंबर. मित्रांनो, सफाईनंतर मी जेवढा घाण व्हायचो, तेवढा आठवडाभरात होत नसे.

एका एप्रिलात धाब्याला रंग द्यायचा म्हणून मला काढून उकिरड्याच्या कडेला ठेवलं. त्याच दिवशी तीर्थपुरीचे संपत टेलर पडदे लावायला आले होते. ते एरवी शाळेचे गणवेश शिवतात.

"भुजंगराव, हे टाकून देऊन राह्यले का?"

"न्या की. पण पाली हैत त्यात, सांभाळून."

"आमची प्रीती अस्संच वाजवती. तिचं ल्हान व्हतं."

"मंग हे मोठं व्हईन तिला."

"पोरगी काय एवढीच राहणार हाय का?" संपतराव म्हणाले. "वाढत्या अंगाचंच घ्यावं."

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत आलेला सदरा घालून तुमच्यापैकी अर्धेजण शाळेत गेले असतील. संपतरावांनी तर उभी हयात वाढत्या अंगाचे कपडे शिवण्यात घालवली होती. पाऊल वाढतं तसा बूट बेतायचा, मांडी वाढते तशी चड्डी बेतायची, तर हात वाढतो तसं वाजंत्र का बेतू नये? त्यांचा हिशेब असा सरळ होता आणि सरळच चुकला होता.

घरी त्यांच्या मुलीनं, प्रीतीनं, मला उपडं धरून हलवलं. दात कोरायच्या एक्केचाळीस काड्या पडल्या, बिडीची दोन थोटकं, एक वाळका कांदा आणि पालीच्या अंड्यांची टरफलं. प्रीती "ईऽऽ" करून मागं सरकली. मला एकदम बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझ्यासारखंच वाटलं होतं.

प्रीती आठवीत जाणार होती. शाळेतल्या ज्योत्स्ना मॅडमनी तिला स्वतःच्या लहान युकुलेलेवर शिकवलं होतं. मॅडमची बदली मंठ्याला झाली आणि त्यांचा युकुलेले त्यांच्याबरोबर गेला. त्या लहान्यावर प्रीतीनं गेल्या बुद्ध पौर्णिमेला विहारात गाण्याला साथ केली होती. गाणं म्हणायच्या चांगुणाबाई, संपतरावांच्या मावशी. वस्तीत गाण्याचा मान चाळीस वर्षं त्यांचा. पेटीवर नागसेन. हा दिवसा वायरिंगची कामं करतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या चुका काढतो.

मला बघून नागसेन म्हणाला, "प्रीते, हे तुणतुणं हाय का डालडाचा डबा?"

"दादा, याच्यावर वाजवते मी यंदा."

"वाजव की. पण आपलं गाणं पांढरी एकमधी हाय. बराबर त्याच सुरात वाजलं तं बस पेटीशेजारी. न्हाई तं मी मोबाईलवर तयार म्युझिक लावतो. पौर्णिमा वीस दिवसांवर हाय."

पांढरी एक म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी. तिला 'सा' धरून चांगुणाबाई गात. तर प्रीतीचं सगळं त्या एका पट्टीवर अडलं होतं: तिथं मला वाजवता आलं तर ती आजीशेजारी बसणार, नाहीतर सतरंजीवर खाली.

आता त्या वीस दिवसांचं ऐका. पहिल्या दिवशी तिनं मला लहान्यासारखं काखेत दाबून धरलं. तीर्थपुरीचा मे महिना, आणि काख! त्यापेक्षा धाब्यावरच्या पाली शहाण्या होत्या. माझं पोट तिच्या कोपरापलीकडे जाई, मग ती मला आणखी आवळी, आणि घामाचा ओघळ माझ्या पाठीवरून खाली. डावा हात तर आंधळ्यासारखा चाले. बोटांना लहान्याची सवय. ती जुन्या अंतरावर पडत आणि पडद्याच्या अलीकडेच राहत. तार नीट दाबली न गेल्यानं माझ्यातून सूर निघायचा तो नाक चोंदलेल्या माणसासारखा. आणि शिव्या कुणाला? मला.

"पप्पा, बोटं पुरत न्हाईत."

"वाढतील की."

"वीस दिवसांत? बोटं हैत का काकडीचा वेल?"

संपतरावांनी टेप काढला. माझी मान मोजली, तिचं बोट मोजलं आणि टेप गुंडाळला. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. कपडा तोकडा झाला की माया उसवायची, ढगळ असला की आत दाबायचा. "कापडाला माया असती गं," ते म्हणाले. "ह्या लाकडाला मी कुठं दाबू?"

खरं होतं. माझ्या अंगात त्या अर्थाची माया नव्हती, आणि एव्हाना दुसऱ्या अर्थाचीही फारशी उरली नव्हती.

नव्या तारा नागसेननंच जालन्याहून आणून दिल्या. शेवटी प्रीतीनं ज्योत्स्ना मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. मॅडम हसल्या. "अगं, हा बॅरिटोन! याला काखेत नाही धरायचं, मांडीवर ठेव. अंगठा मानेच्या मागे घे, म्हणजे बोटं मोकळी होतील. आणि तार पडद्याच्या अगदी जवळ दाब." मग त्यांनी फोनवरूनच माझ्या तारा लावून घेतल्या आणि खरी गोम सांगितली. माझ्या तारा लहान्यापेक्षा चार सूर खाली असतात. लहान्यावर ज्या बोटांनी पांढरी एक वाजायची, त्याच बोटांनी माझ्यावर खालची पांढरी पाच वाजते. "म्हणजे एक तर बोटांची ठेवण नव्यानं शीक, नाहीतर गाणाऱ्यांना खाली यायला सांग."

"चांगुणाआजीला खाली या म्हणू?" प्रीती म्हणाली. "शिकते मी."

संपतरावांनी गणवेशाच्या उरलेल्या कापडाचा पट्टा शिवून माझ्या अंगाला बांधला. चौकडीचा. मी शाळेत जाणाऱ्या म्हशीसारखा दिसू लागलो. प्रीतीनं धुतलेलं फडकं घेऊन मला पुसलं आणि बसली. बोटांच्या तीन नव्या ठेवणींपैकी दोन सोप्या होत्या, तिसरी महाकठीण. त्यात पहिलं बोट आडवं टाकून दोन तारा एकदम दाबायच्या आणि बाकीची दोन बोटं लांबच्या पडद्यांवर ताणायची. रोज शंभरदा ताणायची. बोटांना फोड आले, फोड फुटले, त्याचं पाणी माझ्या तारांना लागलं. शी! ती हात धुऊन यायची, पुन्हा ताणायची. अठराव्या दिवशी सकाळी ती तिसरी ठेवण नीट वाजली. मी मोजलं. ओळीनं अकरा वेळा, एकदाही न चुकता. पोरीनं मला खाली ठेवून अंगणात दोन उड्या मारल्या.

त्याच दिवशी दुपारी विहारात तालीम होती. आधी चांगुणाबाई मला बघायला आल्या. त्या मिसरी लावून आल्या होत्या, दातांवरून फिरवलेलं काळं बोट तसंच. त्याच बोटानं त्यांनी माझी सगळ्यात जाड तार ओढली. "आवाज ढोबळा हाय ह्याचा," म्हणाल्या. मी शहारलो.

गाणं त्यांनी स्वतः रचलेलं. प्रीतीनं नव्या बोटांनी पांढरी एक धरली. नागसेननं भुवई वर केली, म्हणजे त्याच्या भाषेत शाबासकी. ध्रुवपद झालं. अंतरा वर चढला आणि चांगुणाबाईंचा आवाज चिरला. त्या खाकरल्या. "पुन्हा घ्या." पुन्हा चिरला. "ह्या पंख्यानं घसा धरून राह्यला." नागसेननं पंखा बंद केला. तिसऱ्यांदा आवाज वर गेलाच नाही. मागे बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. नागसेन पेटीच्या पट्ट्या पुसू लागला. बाईंचा आवाज आता त्या पट्टीला पुरत नाही हे दोन वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाईंना सांगायची छाती कुणाची नव्हती.

चौथ्यांदा सुरू करताना प्रीतीनं बोटं हलवली. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं जुनी बोटं धरली, लहान्यावरची. माझ्या पोटातून पांढरी पाच निघाली. चांगुणाबाई कानानं गाणाऱ्या. समोर जो सूर आला तो त्यांनी उचलला, आणि आवाज खडी नसलेल्या रस्त्यावरच्या बैलगाडीसारखा निघाला. अंतरा चढला, उतरला, कुठं खरचटलं नाही.

"थांबा, थांबा!" नागसेन ओरडला. "प्रीते, पार खाली गेलीस तू! ही पांढरी पाच हाय!"

चांगुणाबाईंचा चेहरा बदलला. "मला खाली उतरवलं व्हय गं? चाळीस वर्षं एका पट्टीत गायले मी. आता थकले असं म्हनायचंय का तुला?"

प्रीतीनं माझी मान घट्ट धरली. तिच्या हाताला दरदरून घाम फुटला होता. तेवढ्यातही मला किळस आलीच, लपवत नाही.

"तसं न्हाई, आजी," ती म्हणाली. "माझी बोटं पुरत न्हाईत. वरचं मला बिलकुल जमत न्हाई."

सकाळचे अकरा मी मोजलेले होते, मित्रांनो. मला तोंड असतं तर मी तिथंच बोललो असतो.

"आत्ता तं जमलं व्हतं!" नागसेन म्हणाला.

"ते कसंबसं, दादा. पौर्णिमेला चुकले मंग?"

"मंग ऊठ. मी मोबाईलवर म्युझिक लावतो. हातभर पोरगी अन् बापानं वाढत्या अंगाचं आणून दिलं, दुसरं काय व्हईन!"

बायका हसल्या. प्रीतीचे कान लाल झाले. अठरा दिवसांची कमाई तिनं लोकांच्या हसण्यात घालवली होती. तिनं पट्टा खांद्यावरून उतरवायला घेतला.

"बस गं खाली," चांगुणाबाई म्हणाल्या. "नागसेन, त्या मोबाईलला दम लागतो का? मी थांबले तं थांबतो का तो? न्हाई ना? मंग त्याला ठिव खिशात." जरा वेळ त्यांनी पदर सारखा केला. "लेकराची बोटं पुरत न्हाईत म्हंती. आता लेकरासाठी खाली यायला काय जातंय माझं? लाव तुझी पांढरी पाच."

नागसेननं पेटी लावली. चांगुणाबाई लेकरासाठी खाली आल्या आणि शेवटपर्यंत न चिरता गायल्या.

पौर्णिमेला सकाळी वंदना झाली आणि मग गाणं. प्रीती पेटीशेजारी बसली होती, मी तिच्या मांडीवर. अंतऱ्याला लोक खिरीच्या रांगेतून माघारी वळून ऐकत उभे राहिले. नंतर सगळ्यांनी चांगुणाबाईंना म्हटलं, "बाई, यंदा आवाज लई मोकळा लागला." प्रीतीला कुणी काही म्हटलं नाही. खीर चाटलेल्या बोटांची सात पोरं मात्र माझ्याभोवती जमली आणि सातांनी माझ्या तारा ओढल्या. खिरीतला वेलदोडा तारांखाली जाऊन बसला.

गर्दी हटल्यावर चांगुणाबाई जवळ आल्या. प्रीतीचा डावा हात ओढून त्यांनी उजेडात धरला. प्रत्येक बोटाचं टोक दाबून पाहिलं. तिथं आता घट्टे होते, हरभऱ्याएवढे.

"न जमणाऱ्या बोटांना असे घट्टे पडत्यात व्हय गं?"

प्रीतीनं बोटं मुठीत लपवली. म्हातारीनं तिच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग तोच हात बराच वेळ तिथंच ठेवला.

मित्रांनो, मी अजून तीर्थपुरीलाच आहे. मला कौतुक नको. मला हात लावण्याआधी हात धुवा, वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, आणि माझं पोट म्हणजे कचऱ्याची पेटी नव्हे हे ध्यानात ठेवा. लहान वाद्यावरून मोठ्यावर आलात तर महिनाभर त्याला नावं ठेवू नका. त्याचं माप तुमच्या जुन्या सवयीसाठी बेतलेलं नसतं. आणि तुमच्या पुढ्यात कुणी म्हणालं की मला हे जमत नाही, तर हसायची घाई करू नका. आधी त्याची बोटं बघा.