गुरुवारी अकरा वाजता सत्यशीलाबाई

मित्रांनो, मी दुर्गजवळच्या रुआबांध्याच्या छोट्या रेडिओ केंद्रातला माइक आहे. वय पंधरा वर्षं. माणसांत एवढ्या वयाला शाळेत पाठवतात, माइकला भंगारात. माझी जाळी एका बाजूने चेपलेली आहे, कारण उद्घाटनाच्या दिवशी मी चालू आहे की नाही हे एका पाहुण्यांनी अंगठीने ठोकून पाहिलं होतं.

आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. आवाज रुआबांध्यात स्वच्छ पोचायचा, वैशाली नगरात खरखरत, आणि त्यापुढे फक्त वार्षिक अहवालात.

दर गुरुवारी अकरा वाजता सत्यशीलाबाईंचा मराठी कार्यक्रम असे. नळाच्या वेळा, सांडग्यांची कृती, कोणाच्या मुलीला नोकरी लागली, सगळं त्यात यायचं. मधूनच त्या माझ्याजवळ सरकून म्हणायच्या, "आमचे हे ड्यूटीवर हायेत, म्हणून सांगून राहिली. माणूस चांगला हाये. तोंडावर म्हटलं तर फुगते."

'हे' म्हणजे आनंदराव. पोलाद कारखान्यात जनरल शिफ्टला. गुरुवारी अकराला ते भट्टीजवळ असत. तिथे रेडिओ कुठला ऐकू येणार? अकरा वर्षांत त्यांनी बायकोचा एकही कार्यक्रम ऐकला नाही. "रिटायर झालो का सगळे एकदमच ऐकतो," असं ते घरी म्हणायचे.

पण आमच्याकडे मेमरी कार्ड एकच होतं. बुधवारी रेकॉर्डिंग, गुरुवारी प्रसारण, शुक्रवारी नरेश ते पुसायचा. नरेश आमचा तंत्रज्ञ, शिस्तीचा माणूस. एकदा त्याने बाईंना विचारलं, "काकू, काकाजीसाठी एखादं ठेवू का?" बाई हसल्या. "कायले? ते रिटायर होतीन तवा मी नवीन बोलीन ना."

निवृत्तीला तीन महिने असताना बाई गेल्या.

आनंदराव निवृत्त झाले आणि पुढच्याच सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून केंद्रावर आले. "जय भीम, नरेश. तुया काकूचं एखादं ऐकव."

मित्रांनो, एक रेकॉर्डिंग होतं. कुठल्याशा स्पर्धेसाठी केलेलं. आमच्या समितीवरचे दुर्गचे दिवाकर सर म्हणाले होते, स्पर्धेला घरची बोली चालणार नाही. त्यांनी भाषण लिहून दिलं, बाईंनी ते चार वेळा वाचलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, म्हणून नरेशने मोठ्या आदराने तेवढंच सीडीवर उतरवून जपलं.

त्याने ते लावलं. "सुजाण श्रोतेहो, आजच्या या मंगल प्रभाती आपणां सर्वांचे सहर्ष स्वागत..."

आनंदराव मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "चांगलं बोलते. पण हे कोण बाई होय?"

"काका, काकूच हाये."

"असन." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दुसरं नाही काही?"

नरेशने नकारार्थी मान हलवली. मग बिचाऱ्याला काहीतरी करावंसं वाटलं. त्याने त्यांना बाईंच्या खुर्चीवर बसवलं, मला त्यांच्या तोंडाशी आणलं, कार्ड चढवलं. "काका, तुमीच सांगा काकूबद्दल. हे नाही पुसत मी."

आनंदरावांनी घसा साफ केला. माझी चेपलेली जाळी बोटाने चाचपली. शेवटी ते मला म्हणाले, "मले काय सांगता येते? ते काय बोलत होती, मले मालूमच नाही."

मला मालूम होतं. अकरा वर्षांचं सगळं माझ्यातूनच गेलं होतं. माणूस चांगला हाये, हेसुद्धा. पण माइकमध्ये काही उरत नाही. माझी घडणच तशी आहे.

आता केंद्र बंद आहे, माझ्यावर धूळ आहे. ती पुसा असं मी म्हणणार नाही. पुसण्याचं काम आमच्याकडे पुष्कळ झालं. एवढंच मागतो: घरात कोणी आपल्या बोलीत काही सांगत असेल, तर तेव्हाच जवळ बसून ऐका. ते ऐकणं माझ्यावर सोडू नका.