कारण : पक्षी

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबरच्या खांबावरची काच फुटलेली आढळली.

आदल्या दुपारी जमीन हलली होती. चारेक सेकंद. माणसं रस्त्यावर आली, "तुम्हाला जाणवलं का?" असं एकमेकांना विचारून परत आत गेली. डोंगरातलं पाणी शहरात आणणाऱ्या जलसेतूवर गस्त घालणाऱ्या माणसाला त्या चार सेकंदांपेक्षा ही काच महत्त्वाची होती. काच म्हणजे दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी. खांबाला गेलेल्या भेगेवर ती आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवायची. भेग जागच्या जागी असेल तर काच टिकते. केसभर सरकली तरी तुटते. एकोणीस वर्षं तो या काचा लावत होता, म्हणून खात्यात त्याला सगळे काचवालाच म्हणत.

तुकडे काढून त्याने भेगेत करंगळी घातली. त्याचं माप हेच होतं. पहिल्या वर्षी तिथे नखही शिरत नव्हतं. आज करंगळी पहिल्या पेरापर्यंत गेली. मग त्याने नवी काच चिकटवली.

खांबाच्या पायथ्याशी आठ-दहा घरं होती. तिसरं घर त्याच्या मुलीचं. ती पायरीवर उभी राहून दात घासत होती.

"फुटली का, बाबा?"

"फुटली."

"पक्षी?" तिने डोळे मिचकावले. घरातला हा जुना विनोद होता. आज त्याला हसू आलं नाही.

"चार दिवस आमच्याकडे येऊन राहा. पोरीला घेऊन."

"आणि तिची शाळा? ह्यांची रात्रपाळी? दर वेळी तुमचं हेच." तिने चूळ भरून टाकली. "पाणी बंद करून एकदाचं बघायला सांगा ना तुमच्या साहेबांना. खांब तुमचा, आणि घर मी सोडू होय?"

तो सायकल काढून कार्यालयात गेला.

साहेब सात महिन्यांपूर्वी बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले आणि बोट ठेवलं.

"हे बघा. शहर बसलंय गाळावर. विहिरी खाऱ्या. गोडं पाणी फक्त या काळ्या खडकाच्या डोंगरात. पायथ्याशी खडक तुटलाय, तुटीत चिकणमाती भरलीय. तिच्याशी पाणी अडतं, म्हणून झरे वर येतात. आणि आपला चौदा नंबर नेमका त्या तुटीवर. अर्धा पाया खडकावर, अर्धा मातीवर."

"तेच म्हणतोय, साहेब."

"पण तूट टाळून सेतू बांधायचा म्हटलं, तर पाणीच नाही. बांधणाऱ्यांना हे माहीत होतं."

"मग आठ तास पाणी बंद करा. वरची पन्हळ रिकामी झाल्याशिवाय खांबाच्या माथ्यावरचा सांधा दिसत नाही."

"टाक्यांत सहा तासांचं पाणी असतं. दोन तास सगळं शहर कोरडं, दवाखान्यासकट. त्याला वरून मंजुरी लागते. मंजुरीला पुरावा लागतो." साहेब खुर्चीत बसले. "नोंदवही आणा. एकोणीस वर्षांत काच किती वेळा फुटली, ते दाखवू. एवढ्यावर काम होईल."

काचवाला जागचा हलला नाही. शेवटी शिपायाने वही आणली.

साहेबांनी पानं उलटली. चौदा नंबरच्या सत्तावीस नोंदी होत्या. तारीख, वेळ, 'काच बदलली', आणि शेवटच्या रकान्यात कारण. सत्तावीसही वेळा एकच शब्द : पक्षी.

"अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"सत्तावीस पक्षी एकाच काचेवर येऊन आपटले?"

"आंधळी जात असेल, साहेब," पलीकडच्या टेबलावरून मोठे बाबू म्हणाले. शिपाई खिदळला.

पहिल्या वर्षी, पहिल्या फुटक्या काचेपुढे काचवाल्याने 'खांब सरकला असावा' असं लिहिलं होतं. आठवड्यात पत्र आलं. 'खांब सरकल्याचे आपण कोणत्या तांत्रिक पात्रतेच्या आधारे नमूद केले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. तसेच सरकारी काच फुटल्याची जबाबदारी निश्चित करावी.' त्या वेळच्या हेडक्लार्कने त्याला बाजूला घेतलं होतं. "अरे, पक्षी लिही. पक्ष्याकडे कोणी खुलासा मागत नाही." ते पान बदललं गेलं. पुढे हात आपोआप तेच लिहू लागला.

आता त्याने हे सगळं साहेबांना सांगितलं. साहेबांनी कपाळ चोळलं.

"म्हणजे वर मी काय पाठवू? खांब एकोणीस वर्षं भक्कम आहे, फक्त पाखरांचा त्रास आहे?"

"तुम्ही एकदा येऊन भेगेत बोट घालून बघा, साहेब."

"येतो हो! पण बोट फायलीला कसं जोडू?" साहेबांचा आवाज चढला. तो काचवाल्यावर होता की फायलीवर, ते सांगणं अवघड होतं.

"मी लेखी देतो. नोंदी खोट्या होत्या म्हणून."

"द्या. चौकशी लागेल तुमच्यावर. आणि सत्तावीस वेळा खोटं लिहिणाऱ्याची अठ्ठाविसावी नोंद खरी कोण धरेल?"

"तुम्ही धराल का?"

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला.

त्याने पाच ओळी लिहिल्या. मग नोंदवहीत अठ्ठाविसावी नोंद केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'खांब सरकला.' 'असावा' लिहिलं नाही. साहेबांनी पाच ओळींच्या खाली स्वतःची शिफारस लिहिली, आठ तास पाणी बंद ठेवण्याची, आणि दुपारी खरंच खांबापर्यंत येऊन भेगेत बोट घालून गेले.

गुरुवारी संध्याकाळी वरून एक कागद आला. खोट्या नोंदींची चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधित कर्मचाऱ्यास गस्तीच्या कामावरून दूर ठेवावे. पाणी बंद करण्याचा प्रस्ताव अभिप्रायासाठी ठेवून घेतला होता.

शुक्रवारी पहाटे त्याने सवयीने बूट चढवले. बायकोने दारातच अडवलं.

"काढा ते. काच आता तुमची नाही."

"घर तर आपल्या पोरीचं आहे ना?"

"मग तिला फोन करा. खांबापाशी गेलात तर आणखी एक कागद येईल."

त्याने फोन केला. काच शाबूत होती. दिवसभरात त्याने आणखी चार वेळा फोन केला. पाचव्यांदा मुलीने उचलला नाही.

शनिवारी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी तिचाच फोन आला.

"बाबा, फुटली."

"नवा माणूस आला होता?"

"आला. दुसरी चिकटवली, वहीत लिहिलं नि निघाला. मी विचारलं, कारण काय लिहिलंत? तर म्हणतो, पक्षी. म्हटलं, कुठाय पक्षी? म्हणाला, ताई, मागची पानं बघूनच लिहितोय, सगळीकडे तेच आहे."

काचवाल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी बोट घातलं, बाबा. करंगळी."

"किती गेली?"

"सगळी."

"तुझी बोटं बारीक आहेत," तो घाईने म्हणाला. "माझ्या मापात ते एवढं नसेल."

पलीकडून पाण्याचा आवाज ऐकू येत होता. वर पन्हळीतून चाललेलं पाणी तिच्या घरात कायम ऐकू येई.

"असेल," मुलगी म्हणाली. "पोरीचे कपडे भरलेत मी. दोन पिशव्या आहेत. ह्यांची पाळी सुटायचीय अजून. तुम्ही सायकल घेऊन या."

तो निघाला तेव्हा साडेसहा वाजले होते. प्रस्ताव अभिप्रायासाठी होता. पाणी सुरू होतं.