ऑडिशनची रिकामी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि ज्या दिवशी माझं खरं काम असतं त्या दिवशी माझ्यावर कुणीच बसत नाही. ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. मलाही वर्षानुवर्षं गंमतच वाटत आली. या वर्षी मात्र माझी भीतीने गाळण उडाली.

माझा जन्म एका मोडक्या दारातून झाला. आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या हॉलची दुरुस्ती चालली होती आणि मागचं दार जळणात जायचं होतं. मंडळाचे मास्तर आडवे आले. "याची एक खुर्ची होईल बघा," ते सुताराला म्हणाले. "हातांची करा आणि पाठ उंच ठेवा. न्यायाधीश बसायचाय."

"मास्तर, दाराची खुर्ची केली तर भर नाटकात उघडायची," सुतार म्हणाला. पण त्याने मला मन लावून घडवलं. माझ्या डाव्या हाताला कडीचं भोक अजून आहे. अवघड प्रवेशात नट त्यात बोट घालून बसतात, प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही.

मास्तर दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी नाटकं बसवायचे. त्यांच्या हाताखाली मी काय काय नाही झाले! सोनेरी कागद चिकटवून सिंहासन झाले, पांढरी चादर पांघरून न्हाव्याची खुर्ची झाले, एका नाटकात सायकलची चाकं लावून आजोबांना रंगमंचभर फिरवलं. त्या नाटकात पडदा उघडताच पहिली टाळी मला पडली. आजोबांचं काम करणारा नट मध्यंतरभर विंगेत फुगून बसला होता.

पण ही झाली प्रयोगाची कामं. माझं खरं काम ऑडिशनचं. मास्तरांची रीत जगावेगळी होती. ते कुणाला उतारा वाचायला देत नसत. मला रंगमंचाच्या मध्यावर ठेवत आणि स्वतः पार शेवटच्या रांगेत जाऊन बसत. नवा माणूस बिचकत आला की म्हणत, "खुर्चीत कोण बसलंय ते ठरव आणि त्याच्याशी बोल. मी तुझ्याकडे बघणारच नाही. खुर्चीकडे बघणार. मला तिथला माणूस दिसला तर काम तुझं."

मग लोक माझ्याशी बोलत. माझ्याशी म्हणजे माझ्यावर न बसलेल्या माणसाशी. कुणी सासऱ्याशी भांडे, कुणी पळून गेलेल्या मित्राला परत बोलावी. एक बाई आपल्या साहेबाला असं फाडफाड बोलली की तिला काम तर मिळालंच, दुसऱ्या दिवशी तिने नोकरीही बदलली. मी गप्प उभी असे आणि माझ्या रिकाम्या बैठकीवर माणसं येत जात असत. मला फार अभिमान वाटायचा त्याचा.

मास्तरांची मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोक तिला ताई म्हणत. संध्याकाळी ती विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करी. नट अडखळला की पुढचा शब्द पुरवायचा, तोही असा की फक्त त्यालाच ऐकू जावा. सगळी नाटकं तिला पाठ होती, पण रंगमंचावर ती कधी आली नाही. शिवणकाकू तिला चिडवायच्या, "अगं, तुझा आवाज एकदा तिकीट काढून ऐकायला हवा!" काकू मंडळाचे कपडे शिवायच्या, कामंही करायच्या, आणि कापडाइतकीच माणसंही कापायच्या.

मग मास्तर आजारी पडले. तालमी थांबल्या. मला जिन्याखाली सरकवलं. माझ्यावर बंद पडलेला पंखा ठेवला, पाठीवर फरशी पुसायचं फडकं वाळत घातलं. कुणी मुद्दाम केलं नाही. हॉलमध्ये हसणारं माणूस नसलं की खुर्ची खुर्ची राहत नाही, नुसती जागा अडवते. तिथेच मला कळलं की मास्तर गेले. झाडणाऱ्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या.

आमच्याच भागातल्या एका नर्सबाईंनी लिहिलेलं नवं नाटक मास्तरांनी जाण्याआधी निवडून ठेवलं होतं. बंद पडत चाललेल्या घराची गोष्ट होती. घर न सोडणारी थोरली बहीण, मधली बहीण, खूप वर्षांनी परतलेला धाकटा भाऊ आणि घर विकत घ्यायला आलेला एक माणूस, एवढीच पात्रं. हॉलचे सेक्रेटरी ताईला म्हणाले, "हे बघ, तुझ्या बाबांचा मान म्हणून तारखा अडवून ठेवल्यात. पण शिकवणीचे क्लासवाले रोज विचारतात. त्यांना कायमचा हॉल हवाय. रविवारी संध्याकाळपर्यंत पात्रं ठरव, नाहीतर माझाही नाइलाज आहे." क्लास आला की मंडळ गेलं आणि मंडळाबरोबर मीही भंगारात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी ताईने मला बाहेर काढलं. ओल्या कापडाने पुसलं, जुन्या खडूच्या खुणेवर ठेवलं आणि ती शेवटच्या रांगेत गेली. बाबांच्या जागेवर नाही, त्यांच्या शेजारच्या जागेवर बसली.

नवं माणूस एकही आलं नाही. दुपारी बसचे ड्रायव्हरदादा आले. असा खणखणीत आवाज आमच्या मंडळात दुसरा नाही. धाकट्या भावाचं काम त्यांना साजलं असतं. ताईने सांगितलं, "दादा, खुर्चीत थोरली बहीण आहे. तुम्ही खूप वर्षांनी घरी आलाय."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "अक्का," त्यांनी सुरुवात केली. मग ते एक पाऊल मागे सरले. "मास्तर," ते म्हणाले, "दवाखान्यात यायचं राहून गेलं हो. ड्युटी बदलून मागितली होती मी. खरंच मागितली होती." आणि तो एवढा धिप्पाड माणूस तोंड फिरवून उभा राहिला.

मग शिवणकाकू आल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवला. मला वाटलं, आता नाटक सुरू होणार. "काय हो," त्या मला म्हणाल्या, "जायचं होतं तर आधी सांगायचं तरी! तुमचा नवा कोट बेतून ठेवलाय मी. आता तो कुणाच्या गळ्यात मारू?"

"काकू," ताई मागून म्हणाली, "तिथे बाबा नाहीत. तिथे तुमची बहीण आहे."

"अगं, कळतंय गं मला. पण तेच बसलेत, त्याला मी काय करू?"

मित्रांनो, मी केवढी हादरले म्हणून सांगू! आयुष्यभर माझ्यावर वाटेल तो माणूस येऊन बसत होता. आता मास्तर येऊन बसले होते आणि उठायलाच तयार नव्हते. ताईने मला बाजूला नेलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि माझ्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. दादा आणि काकू प्लॅस्टिकच्या खुर्चीशी बोलू लागले, पण माना भिंतीकडे, माझ्याकडे वळत होत्या. ताईने मला पुन्हा मध्यावर आणलं. तिने संवाद वाचून दाखवले, विनवलं, एकदा ओरडलीसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

उन्हं उतरली. सेक्रेटरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात आले. "ठरलं?"

"थोडा वेळ द्या," ताई म्हणाली.

"सकाळपासून थोडाच वेळ चाललाय ना? तिकडे लोक माझ्या फोनची वाट बघतायत." तरी ते पायरीवर टेकले.

ताई रांगांमधून चालत पुढे आली. तिचा चेहरा अगदी उतरला होता. "तुम्हाला दोघांना बाबा दिसतात," ती म्हणाली. "मी सकाळपासून बघतेय. मला खुर्ची रिकामीच दिसते. घरी त्यांचा पलंग, त्यांची चप्पल, सगळं तसंच आहे. मी रोज बघते. ते कुठेच नाहीत. तुम्हाला दिसतात आणि मला दिसत नाहीत, हे मी कुणाला सांगू?"

काकूंनी कमरेवरचा हात खाली घेतला. मी हे पहिल्यांदाच पाहत होते.

ताई पायऱ्या चढून वर आली आणि माझ्यावर बसली. ऑडिशनच्या दिवशी माझ्यावर कुणी बसलं ते हे पहिलंच. तिने माझ्या कडीच्या भोकात बोट घातलं. मी पाय रोवून उभी राहिले. एवढ्या जोराने मी राजालाही धरलं नसेल.

"मी थोरली बहीण," ती विंगेतून सांगावं तशी पुटपुटली. "तू आत्ता आलायस. बोल."

"ताई, ऐकू येत नाही," दादा हळूच म्हणाले.

"बोल म्हणते ना!" तिचा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आदळला. "घर रिकामं झाल्यावर आलास. आता उंबऱ्यात उभा राहून काय बघतोस?"

हा संवाद नाटकातलाच होता. दादांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागे नाही, तिच्याकडेच, आणि म्हणाले, "अक्का, मला आत घे." काकू डोळे पुसत मधली बहीण होऊन मध्ये पडल्या. प्रवेश अडखळत, धडपडत, पण शेवटपर्यंत झाला.

सेक्रेटरी पायरीवरून उठून आत आले होते. "ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण थोरलीचं काम करणार कोण?"

"डोळ्यांना काय झालंय तुमच्या?" काकू कडाडल्या. "समोर बसलीय की!"

ताई माझ्यावरून उठली नाही. नाहीही म्हणाली नाही. सेक्रेटरींनी जुडगा खिशात टाकला. "तीन झाली. चौथं पात्र येत्या रविवारपर्यंत आणा. त्यापुढे मला थांबता येणार नाही."

मित्रांनो, तो रविवार आता जवळ आलाय आणि चौथं पात्र अजून मिळालेलं नाही. रोज संध्याकाळी ताई दाराकडे बघत माझ्यावर बसते आणि तिच्या पाठीचा ताण मला जाणवतो. तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी खुर्ची असेल. तिला नुसती पुसून दूर ठेवू नका. तिच्यावर बसा, नाहीतर तीही हळूहळू जाते. आणि घर विकत घ्यायला येणाऱ्या त्या माणसाचं काम तुमच्या घरातल्या कुणाला जमेलसं वाटलं, तर त्याला आमच्याकडे पाठवा. आवाज कसाही चालेल, पाठांतर नसलं तरी चालेल. हॉल संध्याकाळी उघडा असतो. दार ढकलून सरळ आत यायला सांगा.