अर्ध्या माणसाचे तास

रुतगरनं फळ्यावर ०.५ लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि मार्करला टोपण लावायला उगाचच वेळ घेतला.

“बोल आता,” हिल्के म्हणाली. “ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.”

“रजेनंतरचा आज तुझा पहिला दिवस आहे. उद्या बोललो तरी चालेल.”

“उद्या आकडे कोपनहेगनला जाणार आहेत. बोल.”

तिच्या बाबांना पोचवून आठवडा झाला होता. सकाळपासून प्रत्येक खोलीतून कुणी ना कुणी येऊन तिचा हात हातात घेऊन गेलं होतं. काहींनी बाबांबरोबर, रेंडर बाउकामांबरोबर, याच इमारतीत वीस वीस वर्षं कॉफी प्यायली होती, त्यामुळे कोण कुणाचं सांत्वन करतंय हे मधूनमधून कळत नव्हतं. हिल्केनं सगळ्यांचे आभार मानले आणि साडेदहाला रुतगरला आत बोलावलं.

देशाच्या उत्तर टोकाच्या ग्रोनिंगेनमधल्या या संस्थेत तीस देशांचा एकच हिशेब चाले. माणसाच्या एका तासाच्या कामातून किती निपजतं आणि ते वर्षागणिक किती वाढतं. ही वाढ कशामुळे झाली यावर जगभर जाडजूड पुस्तकं निघत आणि ती लिहिणारे आकडे इथून नेत. जे निपजतं ते मोजणं त्यामानानं सोपं. दूध डेअरीत जातं, गहू गिरणीत जातो. खरी परीक्षा तासांची. कारखान्यात भोंगा होतो, शेतावर तो कोण वाजवणार? बाबांनी उभी नोकरी या एका प्रश्नावर घालवली. शेतकऱ्यांचे तास, बेकरीवाल्यांचे तास, मालवाहू होड्यांवर संसार करणाऱ्यांचे तास. आणि फळ्यावरचा तो ०.५ त्यांचाच होता. युद्धानंतरच्या वर्षांत गोठ्यात राबणारी शेतकऱ्याची बायको म्हणजे अर्धा माणूस. पुढे सहा देशांनी तो अर्धा जसाच्या तसा उचलला. आता हिल्के संस्थेची प्रमुख होती आणि या खेपेला जे ठरेल ते पुढची दहा वर्षं हलणार नव्हतं.

“मी मुळातली पाहणी काढली,” रुतगर म्हणाला. “बायकांनाच विचारलं होतं, गोठ्यात किती काम करता म्हणून. त्यांची उत्तरं जोडली तर पाव माणूस होतो. अर्धा नाही. तुझ्या बाबांनी सरळ दुप्पट केलं. का केलं, ते कुठंही लिहिलेलं नाही.”

“त्यांना लिहायची गरज वाटली नसेल.”

“एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर तू त्याला नापास केलं असतंस.”

हे खरं होतं.

“पाव धरला तर आपल्या शेतीतली वाढ डेन्मार्कच्या खाली जाते,” रुतगर पुढे म्हणाला. “माझं त्यावर काही म्हणणं नाही, जाऊ दे खाली. पण अर्धा तसाच ठेवलास तर लोक काय म्हणतील, ते सांगू?”

“लेकीनं बापाचा आकडा सांभाळला.”

“हो.”

“तू म्हणतोस का तसं?”

त्यानं मार्कर टेबलावर ठेवला. “मी विचारतोय.”

हिल्केला त्याचा राग आला नाही. विचारायची हिंमत आहे म्हणून तर तिनं त्याला घेतलं होतं.

“तू पश्चिमेकडचा, हेगचा,” ती म्हणाली. “तुमच्याकडे माणूस दहा तास राबला तर बारा सांगतो.”

“आणि वर नाश्त्याचा वेळही धरतो,” रुतगर हसला.

“इथं पर्वताची राई करतात. माझ्या आजीनं पहाटे उठून गाई पिळल्या, दुपारी बरण्या घासल्या, संध्याकाळी पुन्हा पिळल्या. विचारलं तर म्हणायची, मी काय, थोडा हातभार लावते. ‘याहून वाईट असू शकलं असतं’ ही आमच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी. अशा बाईपुढे कागद धरून तू तास विचारणार?”

ती बोलत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे बाबांची शेवटच्या आजारातली हॉस्पिसमधली खोली होती. नर्स दक्षिणेकडची, गोड बोलणारी. शून्य ते दहा, किती दुखतंय, बाउकामकाका? बाबांची बोटं पलंगाच्या कठड्यावर पांढरी पडली होती. “तीन,” ते म्हणाले. हिल्के नर्सच्या मागोमाग बाहेर गेली. “ते तीन म्हणाले म्हणजे सहा लिहा,” तिनं सांगितलं. नर्सनं तिच्याकडे पाहिलं आणि सहा लिहिलं. औषध वाढलं, त्या दुपारी बाबा झोपले. पुढेही रोज तसंच चाललं. त्या सगळ्या आठवड्यांत आपल्या हातून एक तरी गोष्ट अचूक झाली, हे तिनं मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं.

“पटतंय,” रुतगर म्हणाला. “पण हा पुरावा नाही.”

“पुरावा गाईंकडे आहे,” हिल्के म्हणाली. “गाई नम्र नसतात.”

तिनं मार्कर उचलला. प्रांतात गाई किती, हे डेअऱ्यांच्या वार्षिक अहवालांत होतं. एक गाय हातानं पिळायला किती वेळ, हेही माहीत होतं, कारण पगारी गवळ्यांच्या संघटनेनं मालकांशी भांडून ते ठरवून घेतलं होतं. दिवसातून दोनदा, रविवारसुद्धा. म्हणजे गोठ्यात एकूण तास किती लागले ते निघतं. त्यातून पुरुषांचे तास वजा करायचे, गड्यांचे वजा करायचे.

“उरतील ते बायकांचे,” रुतगर सावकाश म्हणाला.

“आपण जन्मभर दुसरं काय करतो? यंत्रं वजा, श्रम वजा, जे उरतं त्याला प्रगती म्हणतो.”

दोघांनी दार लावून घेतलं. रुतगर अहवाल उघडत गेला, हिल्के बेरजा तपासत गेली. जेवणाच्या सुट्टीत त्यानं दोघांसाठी चीज घातलेले पाव आणले आणि ते टेबलावरच वाळले. तिला खात्री होती, अर्धाच येणार. तीनच्या सुमाराला रुतगरनं खुर्ची मागे सरकवली.

“चूक झाली असणार.”

“किती?”

“पॉइंट नऊ.”

“मुलांचे तास काढ. म्हाताऱ्यांचेही.”

त्यानं काढले. पुन्हा मोजलं. मग तिनं त्याच्याकडून सगळं घेऊन पहिल्यापासून स्वतः मोजलं.

“पंच्याऐंशी शतांश,” ती म्हणाली.

खालच्या कालव्यावरून एक लांबलचक होडी जात होती, तिच्या टपावर कुणीतरी कपडे वाळत घातले होते.

“म्हणजे मीही चुकलो,” रुतगर म्हणाला. “आणि तुझे बाबाही.”

“हो,” हिल्के म्हणाली. “तेही इथलेच होते.”

ती उठली आणि ०.५ तिनं स्वतःच पुसला. गोल आधी, आकडा नंतर. नव्या आकड्यानं युद्धानंतरची वाढ खाली न जाता चांगलीच वर चढत होती, डेन्मार्कला मागे टाकून. रुतगर त्याकडे बघत राहिला.

“डेन्मार्कचे आकडे सांभाळणारी बोडिल मला कोपनहेगनहून फोन करून झापणार. काय सांगू तिला?”

“दूध काढायचं यंत्र आलं, हे सांग. जे हात कधी मोजलेच नाहीत, ते मोकळे केल्याचं श्रेय यंत्राला कुठून मिळणार? आता मिळेल. आणि त्यांचेही गोठे तपासा म्हणावं. तिकडच्या बायका काही फार बढाया मारत नसतील.”

तो हसत बाहेर गेला. जाताना दारात थांबला. “हिल्के, सकाळी मी बोललो ते...”

“बरं झालं बोललास.”

एकटी उरल्यावर ती पद्धतीची टीप लिहायला बसली. तिला अशा टिपा एका बैठकीत लिहिता येत, खाडाखोड न करता. आकडा कसा बदलला, कशावरून बदलला, जुना का सोडला. शेवटचं वाक्यही सहज उतरलं: या भागातील लोकांनी स्वतः सांगितलेल्या आकड्याची दुप्पट करणे पुरेसे ठरत नाही.

पूर्णविराम देऊन ती थांबली.

तिनं वाक्य पुन्हा वाचलं. बाबांच्या तीनाचे तिनं सहाच लिहायला लावले होते. हात टेबलाच्या कडेवर ठेवला. कडा गार होती आणि तिची बोटं तिच्यावर बराच वेळ तशीच आवळलेली राहिली. वाक्यात खोडण्यासारखं काहीच नव्हतं.

फोन वाजला. आत्या. बाबांची धाकटी बहीण यांतिन, ग्रोटेगास्टला, गावी एकटीच राहणारी.

“पहिला दिवस कसा गेला, पोरी?”

“बरा गेला.” हिल्केनं टीप बाजूला सरकवली. “आत्या, आज आजी जवळजवळ अख्खा माणूस झाली. आजवर आम्ही तिला अर्धा धरत होतो.”

“अर्धा कुणी धरला होता?”

“बाबांनी.”

“रेंडरनं?” आत्या हसली. “त्याला आईनं बादलीला कधी हातही लावू दिला नाही. तू शिक म्हणायची. मग? मरून तीस वर्षांनी बढती मिळाली म्हण आईला.”

“मिळाली.”

आत्या म्हणाली, “याहून वाईट असू शकलं असतं.”

हिल्केनं डोळे मिटले आणि उघडले.

“तू कशी आहेस, आत्या?”

“मला काय धाड भरलीय! संध्याकाळी थोडंसं सुनं वाटतं, एवढंच. रोज सहाला त्याचा फोन यायचा ना. चालतंय.”

“थोडंसं?”

“थोडंसं म्हटलं ना. ऐकू कमी यायला लागलं का तुला? तू आपली कामं कर. एवढ्या लांब यायची काही गरज नाही.”

“बरं,” हिल्के म्हणाली. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून ती एव्हाना उभी राहिली होती आणि कोटाची दुसरी बाही चाचपडत होती. “जेवायला काय केलंयस?”