बाजूची नजर

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधीच बाईंचा घसा बसला होता. माजी सैनिकांच्या रुग्णालयात नजर तपासायच्या खोलीत त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीस वर्षं त्या दिवसभर एकच प्रश्न विचारत आल्या होत्या. "आता हे स्पष्ट दिसतं, की हे? पहिलं, की दुसरं?" घरी नवऱ्याने चहा हवा की कॉफी असं विचारलं, तर "दुसरं" असं उत्तर तोंडून निघून जायचं. नवऱ्याला अजून त्याचं हसू यायचं. बाईंना येईनासं झालं होतं.

खोली जेमतेम दहा फुटांची. अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे, वर टांगलेला, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. रुग्णाने आरशात बघून अक्षरं वाचायची, म्हणजे खोलीचं अंतर दुप्पट होतं. खिडकी नाही. एका रुग्णाला बारा मिनिटं, असा वरून आलेला हिशेब. त्या बारा मिनिटांत खुर्चीवर चढणं, काठी टेकवणं, कानातलं यंत्र शोधणं आणि कोणत्या तुकडीत कोण होतं हे सांगणंही आलं. बाहेर नंबर पुकारणाऱ्या शिपायाला सगळे 'तुतारी' म्हणायचे, कारण त्याचा आवाज तीन दारं बंद केली तरी आत यायचा.

"चौदा नंबर! तोफवाले काका!"

तोफवाले काका दर वर्षी याच सुमाराला यायचे. तोफखान्यात बावीस वर्षं काढलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाठ अजून ताठ, बुटांना पॉलिश. बोलणं कमी. आजवर त्यांच्यासोबत बायको असायची. बुटकी, बडबडी बाई. नवऱ्याचा डावा दंड धरून आत यायची आणि "यांचे डोळे ठणठणीत आहेत, कान तेवढे माझ्यासाठी बंद" असं दर वर्षी म्हणायची. या वर्षी सोबत मुलगी होती. पंचेचाळिशीची, कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली, हातात तिघांना पुरेल एवढी पिशवी.

"आई गेली आठ महिन्यांपूर्वी," तिने बाईंनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

बाईंनी मान हलवली. "फार बोलक्या होत्या," एवढंच त्यांना सुचलं. मग त्यांनी काकांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवली आणि काम सुरू केलं.

काकांनी तक्ता वाचायला घेतला. वरून खालपर्यंत, न अडखळता, हजेरी घ्यावी तसा. शेवटची ओळसुद्धा. दुसऱ्या डोळ्यानेही तेच. या वयात इतकी स्वच्छ नजर क्वचितच बघायला मिळते. बाईंनी कार्ड पुढे ओढलं आणि रकाने भरायला सुरुवात केली. चष्म्याचा नंबर तोच. डोळ्याचा दाब ठीक. बाजूची नजर ठीक.

"डोळे छान आहेत काकांचे."

"मग आपटतात कशाला?" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात चिडण्यापेक्षा दमणूक जास्त होती. "आठ महिन्यांत तीनदा दाराच्या चौकटीवर आदळले. खांदा काळानिळा झालाय. परवा रस्त्यात एका सायकलवाल्याला धडकले. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणतात वय झालं. शेजारी म्हणतात आईचा धक्का बसलाय. मला खरं काय ते कुणी सांगतच नाही."

"वय तर झालंच," असं बाईही म्हणणार होत्या. शब्द ओठांवर आलेही होते. बाहेर तुतारीने पंधराव्याला तयार राहायला सांगितलं होतं. बाईंनी कार्ड काकांपुढे धरलं.

"काका, इथे सही करा."

काका समोर आरशाकडे बघत बसून राहिले. कार्ड त्यांच्या डाव्या हातापासून वीतभर लांब होतं.

"काका, धरा ना."

आवाज आला तशी त्यांनी मान वळवली, पण आधी उजवीकडे.

"बघितलंत?" मुलगी म्हणाली. "हे असं. ऐकतात पण लक्षच देत नाहीत. पहिल्यापासूनच असे आहेत."

बाईंचा हात तसाच हवेत राहिला. कार्ड त्यांनी हळूच आणखी थोडं हलवलं. काकांच्या डोळ्याची पापणीही हलली नाही. त्यांनी फिरतं स्टूल ओढलं आणि काकांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या समोर बसल्या.

"काका, फक्त माझ्या नाकाकडे बघायचं. इकडे तिकडे नाही. बाजूला बोटं दिसली की किती ते सांगा."

काकांच्या उजवीकडे त्यांनी दोन बोटं धरली.

"दोन."

डावीकडे तीन धरली. काका त्यांच्या नाकाकडे अगदी इमानदारीत बघत राहिले. बाईंनी बोटं हलवली, हात हलवला, शेवटी पंजाच हलवला.

"धरा की बोटं," काका म्हणाले.

एक डोळा झाकून तेच. दुसरा झाकून तेच. मुलगी डावीकडच्या खुर्चीवर बसली होती. ती बाईंचा हवेत हलणारा हात बघत होती.

नजरेचा नकाशा काढायचं यंत्र शेजारच्या खोलीत होतं आणि त्याची यादी तीन आठवड्यांची होती. यंत्र चालवणारी सहायिका डबा उघडून बसलीच होती. बाईंनी तिला म्हटलं, "तू जेव, मी करते," आणि स्वतःचा डबा पिशवीत तसाच ठेवून काकांना आत नेलं. पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात डोकं टेकवायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि बाजूला कुठेही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. काका तोफेजवळ बसावं तसे सावध बसले. पाच मिनिटं एका डोळ्याची, पाच दुसऱ्याची. झाल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि अदबीने म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र बिघडलंय. उजवीकडचेच दिवे लागतात."

कागद बाहेर आला. दोन्ही डोळ्यांच्या नकाशात डावी अर्धी बाजू काळी होती. मधोमध चिमूटभर जागा सोडून वरपासून खालपर्यंत सरळ रेघ, जणू पट्टीने आखलेली.

"काका, डोक्याला कधी मार लागला होता?"

"लागला होता की," काका म्हणाले. "एकेचाळीस वर्षं झाली. ट्रक उलटला, आणि दारूगोळ्याची पेटी मागून डोक्यात बसली. तीन आठवडे पडून होतो. मग एका डॉक्टरने बोट दाखवलं, अक्षरं वाचून घेतली, आणि कामावर पाठवलं."

"तेव्हापासून डावीकडचं दिसत नाही?"

काका विचारात पडले. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कमी दिसतं असं कधी वाटलं नाही," ते सावकाश म्हणाले. "समोरचं दिसतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच एवढंच दिसत असेल."

बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. डोळे उत्तम आहेत. पण डोळ्यांनी पाठवलेलं चित्र डोक्याच्या मागच्या भागात उमटतं, आणि तिथे उजव्या बाजूला मार बसला असावा. मधली नजर वाचली म्हणून तक्ता वाचता येतो. तरी हे जुनंच आहे, नवं काही झालेलं नाही, याची खात्री आजच्या आज करायला हवी. त्यांनी फोन फिरवून डोक्याचा फोटो काढायची चिठ्ठी मिळवली.

फोटोच्या खोलीबाहेर दोघं बाकावर बसली. काका मधोमध, मुलगी त्यांच्या डावीकडे. बाई कागद द्यायला आल्या तेव्हा ती बोलायला लागली, आणि बोलत होती बाईंशी, वडिलांशी नाही.

"आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. माझी बाबांच्या डावीकडे, दादाची उजवीकडे. दादाशी ते बोलायचे. त्याच्या ताटात काय संपलं ते त्यांना कळायचं. एकदा मी शाळेतून बक्षीस आणलं होतं, ते हातात धरून मी बसून राहिले. जेवण संपलं, बाबा उठून गेले. आईला विचारलं, बाबांना मी आवडत नाही का? आई म्हणाली, वेडी आहेस, हाक मारायची होतीस." तिने नाक पुसलं. "मी हट्टाने हाक मारली नाही. वर्षानुवर्षं नाही मारली."

काका ऐकत होते. मग त्यांनी मान वळवली. नेहमीसारखी अर्धवट नाही, खांद्यासकट पूर्ण, आणि मुलीकडे बघत राहिले.

"तू तिथे असायचीस हे ठाऊक होतं," ते म्हणाले. "चमच्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, तुलाच माझ्याशी बोलायचं नसतं."

"आता बघू नका असं," मुलगी म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. "तोंड बघण्यासारखं नाहीये माझं."

बाई तिथून निघाल्या.

खोलीत येऊन त्यांनी काकांची जुनी फाइल काढली. सहा वर्षांची सहा कार्डं, सगळी त्यांच्याच अक्षरातली. प्रत्येकावर बाजूच्या नजरेच्या रकान्यात 'ठीक'. सातवं आजचं. त्यावरही तासाभरापूर्वी 'ठीक' लिहून झालंच होतं. समोर बसायचं, दोन्हीकडे बोटं धरायची, मोजून एक मिनिटाचं काम. पहिली काही वर्षं त्या ते करत असत. कधी थांबल्या, ते त्यांना आठवेना. एखादा दिवस असा नव्हताच. रांग लांबत गेली, मान दुखायला लागली, आणि हात आपसूक 'ठीक' लिहायला शिकला.

आठवड्याने अहवाल आला. मेंदूच्या मागच्या भागावर जुना व्रण, नवं काही नाही. डोळ्यांच्या विभागाचे मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्यांचीही निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. बाईंनी फाइल पुढे ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"एकेचाळीस वर्षांत किती जणांनी तपासलं असेल याला! तुम्हीच शोधलंत की. 'या तपासणीत आढळलं' असं लिहा आणि विषय संपवा."

"सहा वेळा मी न तपासता लिहिलंय, सर."

"सगळेच लिहितात."

"हो. पण हे मी लिहिलंय."

"मग काय करणार आहात? दवंडी पिटणार?"

बाईंनी फाइल उचलली. खोलीत येऊन त्यांनी कार्डावर लिहिलं, की मागच्या सहा तपासण्यांत बाजूची नजर प्रत्यक्ष तपासलेली नव्हती, आणि खाली सही केली. काका आणि मुलगी अहवाल घ्यायला आले तेव्हा तेच त्यांनी तोंडीही सांगितलं. वाक्य घोकून ठेवलं होतं.

मुलीचा चेहरा बदलला. "म्हणजे सहा वर्षांपूर्वी कळलं असतं? आई असताना?"

"हो."

"आई असताना कळलं असतं तर तिला..." तिने पिशवी खाली ठेवली. "सहा वर्षं तुम्ही काय बघत होतात मग?"

रांग, बारा मिनिटं, मान, हे सगळं खरं होतं. त्यातलं काहीही तोंडातून काढावंसं वाटेना. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

काका बुटांकडे बघत होते. "तिला कळलं होतं बहुतेक," ते म्हणाले. "बायकोला. कुठेही गेलो की डावीकडून धरायची. मला वाटायचं, सवय आहे." मग ते बाईंकडे वळले. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण राग आला मला. खोटं कशाला बोलू?"

"यायलाच हवा, काका."

त्यांनी कार्ड घेतलं. मान पूर्ण वळवायला त्यांना आता कुणी सांगायची गरज पडली नाही. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी ते सरावाला यायला लागले. चालताना दर चार पावलांनी डावीकडे बघायचं, दारातून जाताना आधी डावी चौकट शोधायची. गेलेली नजर परत येणार नव्हती, हे त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. मुलगी सोबत यायची. बाईंशी ती कामापुरतं बोलायची, एका शब्दाने जास्त नाही. बापाशी मात्र कॉरिडॉरभर भांडायची, आणि दोघांचे आवाज तुतारीच्या वर जायचे.

बाई आता प्रत्येकाच्या समोर स्टूल ओढून बसतात आणि दोन्हीकडे बोटं धरतात. एका मिनिटाने रांग दिवसाला अर्धा तास लांबते. लोक कुरकुरतात. लष्करातल्या एका जुन्या स्वयंपाक्याने "बोटं मोजायला मी काय बालवाडीत आहे का?" असं विचारलं. रुग्णामागे पंधरा मिनिटं मिळावीत म्हणून बाईंनी तीनदा अर्ज केला. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा सही करून वर पाठवला, तिसऱ्यांदा नुसता उसासा टाकला. उत्तर आलेलं नाही. चार महिन्यांत आणखी कोणाची बाजू काळी सापडलेली नाही. सगळ्यांचं ठीक असतं, आणि 'ठीक' लिहायला आता वेळ लागतो.

काल संध्याकाळी साडेसहाला शेवटचा रुग्ण होता. हवाई दलातला, पंच्याऐंशीचा, घाईत.

"नाकाकडे बघा," बाई म्हणाल्या. आवाज पुरता बसला होता.

"तुमचं नाक दमलेलं दिसतंय, बाई," तो म्हणाला.

"असेल. किती बोटं?"