अंजनीताईंचं चुकलं

“ट्रान्सपोर्टवाल्यानेच उन्हात ठेवला असंल माल, और क्या!” चंदीराम शेठनी टेबलावर हात आपटला.

“उन्हाने असं होत नाही शेठ. रबरच हलकं आलं होतं,” मॅनेजर सुयोग म्हणाला.

“मतलब मी हलका माल घेतो? बोल ना सरळ, मीच चोर!”

टेबलापलीकडे जर्मनीहून आलेल्या हेल्गाबाई एकदा शेठकडे, एकदा सुयोगकडे बघत होत्या. पुढ्यात तडे गेलेल्या रबरी रिंगांचा ढीग होता. पंपात बसवायच्या या रिंगा अंबरनाथच्या कारखान्यातून धडधाकट निघाल्या आणि तिकडे पोचून फुटल्या. बाईंचा सकाळपासून एकच प्रश्न होता, चूक कुठे झाली? उत्तर मिळालं तर ऑर्डर राहणार, नाहीतर राम राम. दोन हजार पाचच्या पुरात निम्मी मशिनं बुडाल्यापासून कारखाना या एका ऑर्डरवर तगून होता. ती गेली की दाराला कुलूप, हे शिपायालाही ठाऊक होतं.

खरी चूकही सगळ्यांना ठाऊक होती. दिवाळीआधी माल गेलाच पाहिजे म्हणून शेठ मागे लागले, सुयोगने रिंगा भट्टीतून लवकर काढायला लावल्या. तपासणीच्या टेबलावर अंजनीताईंनी त्या कच्च्या म्हणून बाजूला सारल्या, तर सुयोगने त्या स्वतःच्या हाताने पास करून टाकल्या. पण हे पाहुणीला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोघेही तयार नव्हते.

अंजनीताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होत्या. कुळगावहून गेली वीसेक वर्षं त्या इथे येत होत्या, आणि तपासणीचं ते टेबल म्हणजे त्यांचं दुसरं माहेर होतं. परक्या बाईसमोर आपल्या माणसांचं असं चव्हाट्यावर येणं त्यांना बघवेना.

भांडण मिटवायची रीत त्यांना माहीत होती. चार जावांच्या घरात नांदलेली बाई ती! घरात पेटलं की एकाने मन मोठं करून ‘जाऊ द्या, माझंच चुकलं’ म्हणायचं. मग दुसऱ्याने ओशाळून ‘छे छे, तुमचं कसं, चुकलं ते आमचंच’ म्हणायचं, की लागलीच ताटं वाढायची. या बोलण्याला कबुलीजबाब समजणारा माणूस ताईंना आजवर भेटला नव्हता.

“शेठ, सुयोगसाहेब, जाऊ द्या आता,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं.”

शेठनी सुस्कारा सोडला. सुयोग एरवी दहा वाक्यांचं इंग्रजी दोन वाक्यांत उरकायचा. हे मात्र त्याने अक्षरही न गाळता पाहुणीला सांगितलं.

हेल्गाबाईंनी चष्मा काढला. “युवर मिस्टेक?”

एवढं इंग्रजी ताईंना कळत होतं. त्यांनी शेठकडे बघितलं, मग सुयोगकडे. आता बोलायची पाळी त्यांची होती. शेठनी बिस्किटांची बशी पाहुणीकडे सरकवली. सुयोग चहा ढवळत राहिला. काय करावं ते न सुचून ताई कसनुशा हसल्या, आणि त्या हसण्यालाच पाहुणीने होकार मानलं.

बाईंचा चेहरा खुलला. त्या भरभरून बोलल्या आणि सुयोगने मराठीत सांगितलं, “मॅडम म्हणतात, इथं पहिल्यांदाच कोणी खरं बोललं. ऑर्डर चालू राहील. फक्त… तपासणीला दुसरं माणूस द्या म्हणतात.”

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. पाहुणीचा त्यांना राग आला नाही. तिने जे ऐकलं ते खरं धरलं, तिच्याकडे तशीच रीत असेल. पण हे दोघे तर इथलेच होते. पुढचं वाक्य त्यांनाही पाठ होतं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी सुयोगला गाठलं. “अहो, सांगा ना तिला! असं नुसतं म्हणायचं असतं आपल्यात. तुम्हाला माहितीये ना?”

“ताई, तुम्हीच बोललात ना?” सुयोग भिंतीकडे बघत म्हणाला. “मी थोडीच तुमच्या तोंडात शब्द टाकले?”

शेठ मागून आले. “पगार कमी नाही होणार ताई. पॅकिंगला बसा, आराम आहे तिथं. इतने लोगों की रोजी बच गयी, सोचो.”

ताईंना रडू आलं नाही. नुसता धक्का बसला होता, आणि तो कुठे लागलाय तेच कळत नव्हतं.

निघण्याआधी हेल्गाबाई मुद्दाम आत कामाच्या जागी आल्या. सगळ्या बायकांसमोर त्यांनी ताईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि मनापासून दाबला. सुयोगने खूण केली तशा बायकांनी टाळ्या वाजवल्या. पॅकिंगवरची वेणू सगळ्यांत जोरात वाजवत होती.

पाहुणी गेल्यावर वेणूने विचारलं, “ताई, बक्षीस काय दिलं ओ गोरीनं?”

ताई पॅकिंगच्या बाकड्याजवळ आल्या आणि त्यांनी पदर खोचला.

“सरक जरा वेणू,” त्या म्हणाल्या. “आजपासून मी इथंच बसणार आहे.”

वेणूचं हसू मावळलं. मग तिने गुमान सरकून जागा केली, आणि ताईंनी एक रिकामा खोका पुढे ओढला.