द्रष्ट्याला दिसलेला समुद्र

आमच्या बाहेरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारच्या काकू, त्यांच्या जावा, खालचा न्हावी, सगळे आईभोवती, वहिनीच्या लॅपटॉपला डोळे लावून बसले होते. पडद्यावर द्रष्टे. पांढरा सदरा, मिटलेले डोळे आणि जिभेला हाड नाही. भक्तांनी आपला कॅमेरा बंद ठेवायचा, ही त्यांची अट. म्हणजे चमत्कार शंभर नंबरी!

"टेकडीखालचं गाव... नदी... जुना पूल! माई, पुलाच्या जवळच बसला आहात तुम्ही!"

"अगंबाई, न सांगता ओळखलं!" काकूंनी हात जोडले.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. मिटल्या डोळ्यांनी पूल बघणारा माणूस माझ्या पचनी पडत नव्हता. पण दादा कामावरून घरी आला नाही, त्या दिवसापासून मला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. काचा घासायच्या, जेवायचं, झोपायचं.

आईला मात्र वाटत होतं. इस्पितळातून निरोप आला होता: शवागारात एक देह आहे, चेहरा ओळखू येत नाही, आईच्या रक्ताशी ताडून बघू. आठवडा संपला की त्याची बेवारस म्हणून विल्हेवाट लागणार होती. आणि इकडे द्रष्टे सांगत होते, "मुलगा जिवंत आहे, माई. दूर बंदरावर हमाली करतोय. मला स्पष्ट दिसतोय. रक्त दिलंत, तर मायेचा धागा तुटला समजा!"

झालं. आई काही केल्या इस्पितळात जाईना.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, घरूनच कुठल्याशा कंपनीच्या तक्रारींचे फोन घेते. पुढच्या दर्शनाच्या दिवशी तिचं काम लांबलं. तिनं घाईघाईत तोच लॅपटॉप आणून मांडला. द्रष्ट्यांनी डोळे मिटले.

"अहाहा! समुद्र! लाटा! माई, समुद्राकाठी बसला आहात तुम्ही!"

आमच्यापासून समुद्र इतका लांब, की न्हाव्यानं तो फक्त कॅलेंडरवर पाहिलाय.

"पुढचं दिसत असेल त्यांना," काकू म्हणाल्या. "सहलीचा योग असेल."

वहिनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होती. "ऑफिसचं व्हीपीएन चालू राहिलं," ती म्हणाली, दूध उतू गेलं म्हणावं तशी. तिनं ते बंद केलं आणि काकूंच्या नावानं नवं दर्शन मागितलं.

"टेकडी... नदी... जुना पूल!"

पुन्हा चालू केलं, न्हाव्याचं नाव घातलं.

"अहाहा! समुद्र!"

न्हावी फस्सकन हसला आणि आईकडे बघून त्यानं तोंडावर हात ठेवला.

"इंटरनेटवर आपल्या जोडणीला एक नंबर असतो," वहिनी म्हणाली. "आयपी अ‍ॅड्रेस. कुठलीही साइट उघडली की तो तिकडे पोचतो, त्यावरून साधारण गाव कळतं. टेकडी नि पूल नकाशात आहेतच. व्हीपीएन चालू असलं की आपला नंबर झाकला जातो, तिकडे ऑफिसचा दिसतो. ऑफिस आहे समुद्राकाठी."

"म्हणजे त्याला आपण दिसतच नव्हतो?" आईनं विचारलं.

"नंबर दिसत होता, आई."

"श्रद्धा ठेवावी हो माणसानं," काकू पुटपुटल्या.

"ठेवली होती की," आई म्हणाली. तिनं पदराचं टोक चुरगाळलं. "मग माझं लेकरूही दिसलं नसेल त्याला."

सकाळी ती आपणहून तयार झाली. इस्पितळात तिनं बाही वर केली आणि नर्सला म्हणाली, "घे बाई, लागेल तेवढं घे."

काही दिवसांनी निरोप आला, रक्त जुळलं. तो दादाच होता. कुठे सापडला, असं आईनं विचारलं. जुन्या पुलाखाली, गाळात, असं इस्पितळातल्या लोकांनी सांगितलं.

"पूल तर सारखा बघत होता मेला," आई म्हणाली. "पुलाखालचा माझा मुलगा नाही दिसला त्याला."

त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

तुमच्याकडेही असा कोणी दूरचं बघणारा येईल. हात जोडायच्या आधी त्याला पारखा. नंबर बदला आणि काय दिसतं ते विचारा. पारखल्यानं मायेचा धागा तुटत नाही. आमचा तुटला नाही.